केदारखेड्याची वाट आणि गाडीची वही

जालना शहरातून उत्तरेकडे भोकरदनला जाणारा रस्ता या भागातील व्यापारी कुटुंबांच्या चांगल्या परिचयाचा आहे. मोंढ्याची गजबज, बियाण्यांची दुकाने, सळयांचे कारखाने मागे पडतात आणि दोन्ही बाजूंना काळी जमीन सुरू होते. पावसाळ्यात कपाशी, मका आणि सोयाबीन यांनी शिवार भरून जाते. कोठे मोसंबीच्या बागा दिसतात. वाटेत राजुरेश्वराचे राजूर लागते. पुढे पूर्णा नदीच्या काठचे केदारखेडा येते आणि त्यानंतर भोकरदन. एकूण अंतर पन्नास-साठ किलोमीटरचे. सकाळी निघून, उधारीची वसुली करून, एखाद्या नातलगाकडे जेवून संध्याकाळी परतावे, असा हा प्रवास.

केदारखेडा हे भोकरदन तालुक्यातील गाव. येथील पूर्णा ही अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून मराठवाड्यातून वाहत गोदावरीला मिळणारी नदी. विदर्भातून तापीला मिळणारी पूर्णा निराळी. पर्यटक या गावी मुद्दाम थांबत नाहीत. अजिंठ्याकडे निघालेल्यांना ते वाटेत लागते, बाजारहाटासाठी फिरणाऱ्यांना ते रोजचे असते. पण रस्त्यावरच्या अशा गावाचे खरे महत्त्व गाडी बंद पडल्यावर कळते. दिवस मावळलेला, मागच्या आसनावर वृद्ध आई आणि झोपलेली मुले, बॉनेटमधून वाफ निघत आहे, जालन्यातील ओळखीचे गॅरेज मागे राहिले आहे आणि भोकरदनातील दुकाने बंद होण्याची वेळ झाली आहे. अशा वेळी पाच मिनिटांच्या आळसाची किंमत किती मोठी असते, हे त्या कुटुंबाला कोणी निराळे सांगावे लागत नाही.

जुनी वाट, जुनी गाडी

या परिसराला वाहतूक आणि व्यापार नवे नाहीत. आजचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत या नगराचे नाव कोरलेले आहे. पैठणहून उत्तरेकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरचे हे समृद्ध ठाणे होते. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांच्या अभ्यासकांनी येथे उत्खनन केले. त्यात हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीमूर्ती मिळाली. इटलीतील पॉम्पेई या ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या नगरात १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांच्या लक्षात आले. या भागातील कारागिरांची कला आणि व्यापाऱ्यांचा माल किती दूरच्या जगाशी जोडलेला होता, याची त्यावरून कल्पना यावी.

तो सारा माल बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून जात असे. अलीकडच्या पिढ्यांनी पाहिलेली बैलगाडी आठवली तरी एक गोष्ट ध्यानात येते. गाडीवान निघण्यापूर्वी चाकाभोवती एक फेरी मारीत असे. आखाला वंगण आहे ना, खीळ जागेवर आहे ना, लोखंडी धाव सैल झालेली नाही ना, हे तो पाहत असे. चाक कुरकुरू लागले की थांबून वंगण घालत असे. त्यासाठी त्याला कोणाचे प्रमाणपत्र लागत नव्हते. गाडी आपली आहे, बैल आपले आहेत आणि माल दुसऱ्याच्या विश्वासाचा आहे, एवढी जाणीव त्याला पुरेशी होती.

मोटारगाडी आली आणि ही फेरी बंद झाली. यंत्र झाकलेले असते, आवाज कमी येतो, दरवाजा उघडून बसले की गाडी निघते. त्यामुळे गाडीची काळजी हे मेकॅनिकचे काम आहे, असा समज घरोघर रुजला. वर्षातून एकदा दसऱ्याला गाडी धुऊन तिला झेंडूची माळ घातली जाते, लिंबू बांधले जाते. पण त्याच दिवशी टायरमधील हवा मोजणारी घरे थोडी असतात. मेकॅनिकचे काम महत्त्वाचे आहेच. मात्र तो गाडीला सहा महिन्यांतून किंवा वर्षातून एकदा भेटतो, घरातील माणसे रोज भेटतात. रोज भेटणाऱ्यानेच आधी लक्षण ओळखायचे असते.

तळहाताएवढी जागा

गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो फक्त चार टायरांमुळे, आणि प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकलेला भाग सुमारे एका तळहाताएवढा असतो. वळणे, थांबणे, चिखलात सावरणे ही सारी भिस्त त्या चार तळहातांवर असते. म्हणून तपासणीची सुरुवात टायरपासून करावी.

हवेचे प्रमाण गाडीगणिक बदलते. चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर ते छापलेले असते. बहुतेक लहान गाड्यांत ते ३० ते ३५ पीएसआयच्या दरम्यान असते. पूर्ण प्रवासी आणि सामान असताना मागच्या चाकांसाठी अनेकदा जास्तीचा आकडा दिलेला असतो. बियाण्यांची पोती किंवा कापडाचे गठ्ठे गाडीच्या मागे टाकून गावोगाव जाणाऱ्यांनी हा दुसरा आकडा अवश्य पाहावा. हवा सकाळी, गाडी फारशी चाललेली नसताना मोजावी. धावल्याने टायर तापतो आणि आतील दाब वाढतो. तापलेल्या टायरचा वाढलेला आकडा पाहून हवा काढून टाकणे ही सर्रास होणारी चूक आहे. टायर थंड झाल्यावर तोच दाब गरजेपेक्षा कमी भरतो.

हवा जास्त असली की टायर फुटतो, हे सर्वांना माहीत असते. हवा कमी असणे त्याहून धोक्याचे असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो, वाकतो आणि आतून तापत जातो. वैशाखात मराठवाड्याचे तापमान चाळीस अंशांच्या वर असते, रस्ता त्याहून तापलेला असतो आणि गाडीत माणसे भरलेली असतात. अशा वेळी हा टायर अचानक जवाब देतो.

जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाने हा धडा सर्वांसमोर आणला. ७०१ किलोमीटरच्या या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी मार्ग पूर्ण झाला. गावातल्या रस्त्यावर ताशी चाळीसच्या वेगाने वर्षभर निभावलेला टायर सिमेंटच्या सरळ रस्त्यावर ताशी १२० च्या वेगाने तासन्‌तास धावू लागला, तेव्हा त्याचे दोष उघडे पडले. टायर फुटून अपघात होऊ लागल्यावर २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायरांची तपासणी सुरू केली आणि गुळगुळीत टायरांच्या गाड्यांना महामार्गावर जाण्यापासून रोखले.

टायर गुळगुळीत झाला की नाही, हे ओळखणे अवघड नाही. टायरच्या खाचांत मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, आणि टायर बदलण्याची वेळ आली. बाजूच्या भिंतीवर फुगवटा दिसला तर नक्षी कितीही चांगली असली तरी तो टायर वापरू नये. आतील धागे तुटल्याची ती खूण असते. टायरचे वयही पाहावे. त्याच्या भिंतीवर चार अंकांची एक खूण असते. ती २३१९ असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. गाडी कमी फिरली म्हणून टायर तरुण राहत नाही. उन्हाने रबर कडक होते आणि त्याला बारीक भेगा पडतात. पाच-सहा वर्षांनंतर तो जाणकाराला दाखवावा.

पाचवे चाक मात्र सर्वांत उपेक्षित. चार चाकांत हवा भरताना स्टेपनी तशीच राहते आणि पंक्चर झाल्यावर तीही बसलेली निघते. महिन्यातून एकदा तिचीही हवा पाहावी. जॅक आणि पाना गाडीत आहेत ना, हेही पाहावे. चाक बदलण्याची रीत घरातील गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला, मुलींना आणि सुनांना सुद्धा, अंगणात एकदा करून दाखवावी. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर टाकलेला, उरलेल्या चाकांना दगडाची उटी, नट गाडी उचलण्यापूर्वीच थोडे सैल केलेले, जॅक ठरवून दिलेल्या खुणेवर लावलेला आणि शेवटी समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळलेले, इतकाच तो क्रम आहे. काही किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा एकदा आवळावेत. महामार्गावर मात्र हा प्रयोग करू नये. तेथे प्रवाशांनी कठड्याच्या पलीकडे सुरक्षित उभे राहून मदत बोलवावी.

बॉनेटखालची ठिकाणे

बॉनेट उघडण्याची अनेकांना भीती वाटते. प्रत्यक्षात तेथे घरच्या माणसाने पाहण्याजोगी मोजकी ठिकाणे असतात.

पहिले इंजिन ऑइल. गाडी सपाट जागी, इंजिन थंड असताना, डिपस्टिक बाहेर काढून पुसावी, पुन्हा घालून काढावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. रंग काळपट होणे स्वाभाविक आहे. पण तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळत असण्याची शक्यता असते आणि गाडी तशीच मेकॅनिकला दाखवावी. बऱ्याच आधुनिक पेट्रोल गाड्यांत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतील जे आधी होईल तेव्हा तेल बदलण्याची शिफारस असते. नेमका आकडा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत असतो. ती पुस्तिका घरात कोठे आहे, हे मात्र आधी शोधावे लागते.

दुसरे कूलंट. त्याच्या पारदर्शक डब्यावर कमी आणि जास्त अशा दोन रेषा असतात. पातळी वारंवार खाली जात असेल तर कोठेतरी गळती आहे, असे समजावे. पातळी कमी दिसली की बोअरचे पाणी ओतण्याची सवय या भागात फार आहे. त्या पाण्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात, चहाच्या भांड्यात साचतात तसेच. अडचणीच्या वेळी साधे पाणी घालून गाडी गॅरेजपर्यंत न्यावी. पण नंतर योग्य कूलंट भरून घ्यावे. वाटेत तापमानाचा काटा चढू लागला तर एसी बंद करून गाडी बाजूला घ्यावी आणि इंजिन बंद करून थांबावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखाली असलेले उकळते पाणी उसळून चेहरा आणि हात भाजतात. वीस-तीस मिनिटांची ही सक्तीची विश्रांती सर्वांना जाचते. पण तापलेले इंजिन तसेच रेटल्यास होणारा खर्च काही वेळा जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो.

तिसरे ब्रेक ऑइल. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. कालांतराने त्यात पाण्याचा अंश वाढतो. सतत ब्रेक लावल्याने ते तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पायाखालचा ब्रेक मऊ लागतो. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलण्याची पद्धत आहे. पातळी खाली जाणे हे ब्रेकचे पॅड झिजल्याचे किंवा गळतीचे लक्षण असू शकते. केवळ तेल वर भरून विषय संपवू नये.

चौथी बॅटरी. तिचे आयुष्य साधारणपणे तीन ते पाच वर्षांचे, आणि थंडीपेक्षा उष्णतेने ते अधिक घटते. टोकांवर पांढरी-हिरवट पूड जमली असेल तर ती साफ करून घ्यावी. सकाळी इंजिन सुस्तपणे फिरू लागले, तर तो पूर्वसंकेत आहे. पाचवे एअर फिल्टर. कापूस वेचणीच्या आणि मका मळणीच्या दिवसांत या भागातील हवेत धूळ आणि भुसा भरलेला असतो. शहरातील गाडीपेक्षा येथील गाडीचा फिल्टर लवकर चोंदतो; मग इंजिनाला श्वास अपुरा पडतो आणि इंधन अधिक लागते. विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्यांत इंजिन ऑइल नसते. टायर, ब्रेक, वायपर आणि दिवे मात्र त्यांनाही असतात, याचा विसर पडू नये.

समोरच्या फलकावरील दिव्यांची भाषाही समजून घ्यावी. पिवळा दिवा म्हणजे लवकर तपासून घेण्याची सूचना. लाल दिवा म्हणजे थांबण्याची आज्ञा. त्यातही तेलाच्या बुधल्याचे लाल चिन्ह चालत्या गाडीत उजळले, तर पुढच्या गावापर्यंत जाण्याचा मोह टाळून तेथेच सुरक्षित जागी इंजिन बंद करावे. तेलाचा दाब नसताना इंजिन काही मिनिटांतही निकामी होऊ शकते.

पूर्णेचा पूर आणि पावसाळ्याची तयारी

मृगाच्या आधी शेतकरी जशी अवजारे पाहतो, तशी गाडीही पाहावी. उन्हाळाभर काचेला चिकटून वाळलेले वायपरचे रबर पहिल्याच पावसात काच पुसण्याऐवजी त्यावर रेघा ओढते. दोनशे-चारशे रुपयांची ही वस्तू. पण रात्री समोरून ट्रक येत असताना त्याच रेघांत दिव्यांचा उजेड पसरतो आणि क्षणभर रस्ता दिसेनासा होतो.

पूर्णा एरवी शांत वाहते. पण वरच्या डोंगरांत जोराचा पाऊस झाला की तिचे आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांचे रूप पालटते. मुख्य रस्ता सोडून आडवाटेच्या गावांत वसुलीला जाणाऱ्यांना कमी उंचीचे पूल लागतात. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नये, याला अपवाद नाही. गुडघ्याच्याही खाली दिसणारे वाहते पाणी लहान गाडीला उचलून बाजूला नेऊ शकते, आणि पाण्याखालचा पूल शाबूत आहे की खचला आहे, हे काठावरून दिसत नाही. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. इंजिनात पाणी गेले असेल तर त्या एका प्रयत्नाने आतील भाग वाकतात. गाडी ढकलून बाहेर काढावी आणि मेकॅनिकला बोलवावे. खोल पाण्यातून सुखरूप बाहेर आल्यावरही काही अंतर हळू जाऊन ब्रेक हलके दाबत राहावे, म्हणजे ते वाळतात.

पावसाळ्यात आणखी एक पाहुणा येतो. शेतात पाणी झाले की उंदीर कोरड्या, उबदार जागेच्या शोधात घराकडे आणि गाडीकडे वळतात. सकाळी गाडी सुरू होत नाही आणि वायरिंग कुरतडलेले आढळते. अशा वेळी विषाच्या गोळ्या किंवा चिकट सापळे यांकडे हात जाण्याची गरज नाही. आणि जीवदया जपणाऱ्या घरात तो जाऊही नये. उंदीर मुळात का येतो, हे पाहावे. प्रवासात मुलांनी खाल्लेल्या खाखऱ्याचा चुरा, शेवेचे कण, शेंगदाण्याची टरफले आसनांखाली पडून असतात. धान्याच्या गोदामाला लागून गाडी रोज उभी केलेली असते. प्रवासाहून परतताच गाडी झाडून काढावी, उभी करण्याची जागा बदलावी, फार दिवस एकाच ठिकाणी ठेवू नये आणि मेकॅनिककडून खालच्या फटींना बारीक जाळी बसवून घ्यावी. सकाळी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा माराव्यात. आत दडलेले मांजराचे पिल्लू किंवा उंदीर त्याने निघून जातो आणि एक जीव वाचतो.

पहाटेचा रस्ता

कार्तिकी पौर्णिमेनंतर चातुर्मास संपतो आणि साधू-साध्वींचा विहार सुरू होतो. तेच दिवस धुक्याचे. पहाटेच्या अंधुक उजेडात श्वेत वस्त्रांतील साध्वीजी रस्त्याच्या कडेने चालत असतात. अंगारकी चतुर्थीला जालन्याहून राजूरकडे रात्रभर भाविकांची रीघ लागलेली असते. ऊसतोडीच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या चालतात. भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारातून माल भरलेली वाहने रात्री धावतात. या रस्त्यावर वेगवान आणि मंद, यंत्राचे आणि पायी, असे सारे एकाच पट्टीवरून जातात.

विहारातील अपघातांच्या वार्ता समाजाला नव्या नाहीत. त्या ऐकून हळहळ व्यक्त होते, पोलीस संरक्षणाची मागणी होते, सोबत चालणाऱ्या स्वयंसेवकांना चमकणारे पट्टे दिले जातात. हे सर्व योग्यच आहे. पण त्या मार्गावरून जाणाऱ्या गाड्यांपैकी काही समाजातील घरांच्याही असतात. त्यांच्या दिव्यांवर धुळीचा थर असतो, एक दिवा महिनाभर बंद असतो, काच आतून धुरकटलेली असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे सरकते. चालकाला माणूस एक सेकंद उशिरा दिसणे म्हणजे काय, हे या आकड्यावरून समजावे.

म्हणून आठवड्यातून एकदा संध्याकाळी भिंतीसमोर गाडी उभी करून पुढचे दोन्ही दिवे, त्यांचा खालचा झोत आणि वरचा झोत पाहावा. एकाने ब्रेक दाबावा, दुसऱ्याने मागे उभे राहून लाल दिवे पाहावेत. काच आतून-बाहेरून पुसावी. ब्रेक दाबताना करकर, किरकिर असा धातूचा आवाज येत असेल, गाडी एका बाजूला ओढली जात असेल किंवा ब्रेक पूर्वीपेक्षा खोल जात असेल, तर ते पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत लांबवू नये. हा दोष गाडीतील माणसांपुरता राहत नाही. रस्त्याच्या कडेने विश्वासाने चालणाऱ्या माणसाच्या प्राणाशी तो जोडलेला असतो.

चालक आणि मालक

अनेक व्यापारी घरांत गाडीवर पगारी चालक असतो. गाडीची सारी काळजी त्याच्यावर सोपवलेली असते, आणि खर्चाची परवानगी मात्र मालकाच्या हाती असते. येथेच खरी अडचण आहे. चालकाला टायर झिजल्याचे दिसते. तो एकदा सांगतो. ‘पुढच्या महिन्यात पाहू,’ असे उत्तर मिळते. दुसऱ्यांदा सांगितले तर आपण खर्च वाढवतो असे शेठजींना वाटेल, या संकोचाने तो गप्प राहतो. मग तोच चालक त्याच टायरांवर मालकाचे कुटुंब घेऊन नागपूरला जातो आणि रिकामी गाडी एकटाच परत आणतो. काही बरेवाईट घडले तर पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो.

दुकानातील तराजूची ठरावीक मुदतीत पडताळणी करून मुद्रा घ्यावी लागते. तेथे ‘नोकराने पाहिले नाही’ हे उत्तर चालत नाही. तराजूची जबाबदारी दुकानदाराची असते. गाडीच्या बाबतीतही न्याय तोच असावा. चालकाने दोष सांगावा आणि सांगितल्याबद्दल त्याला शाबासकी मिळावी, अशी घराची रीत पडली तर अर्धे अपघात गॅरेजमध्येच टळतील.

घाईचीही जबाबदारी मालकाचीच. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवण व्हावे, ही अनेक घरांतील प्रिय शिस्त आहे. पण भोकरदनात वसुलीला उशीर झाला, म्हणून राजूरपासून चालकाला ‘जरा दाबून घे’ म्हणणे, हे त्या शिस्तीला शोभणारे नाही. सूर्य आपल्या वेळेला मावळणार, हे सकाळीच ठाऊक असते. निघण्याची वेळ माणसाच्या हाती असते. एका वेळचे जेवण सोडता येते. अंधाऱ्या वळणावर गमावलेला क्षण परत येत नाही.

एक वही गाडीची

व्यापारी घराला हिशेब शिकवावा लागत नाही. दिवाळीला वहीपूजन होते. देणे-घेणे, माल, मजुरी, व्याज सारे मांडले जाते. त्याच घरातील पाच-दहा लाखांच्या गाडीचा मात्र कोणताही लेखी हिशेब नसतो. तेल कधी बदलले, बॅटरी कोणत्या महिन्यात घेतली, टायर किती किलोमीटर चालले, हे कोणालाच आठवत नाही. मेकॅनिक म्हणेल ते मान्य करावे लागते. त्यात कधी अनावश्यक काम होते, कधी आवश्यक काम राहून जाते.

चाळीस पानी एक वही पुरेशी आहे. डावीकडे तारीख आणि किलोमीटर, मध्ये केलेले काम, उजवीकडे खर्च. शेवटच्या पानावर विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र यांच्या मुदती, टायरांच्या खुणा, बॅटरीची तारीख आणि पुढील सर्व्हिसिंगचा आकडा. पेट्रोल किती लागले आणि गाडी किती चालली, याचीही नोंद ठेवली तर सरासरी अचानक घटल्याचे महिन्यातच कळते. ब्रेक घासत असेल, फिल्टर चोंदला असेल किंवा हवा कमी असेल, तर पहिली चाहूल या आकड्यांतून लागते. गाडी पुढे विकताना हीच वही तिची पत वाढवते. घरातील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाकडे किंवा मुलीकडे ती सोपवावी. गाडी चालवण्याचे वय होण्यापूर्वी गाडी सांभाळण्याचे शिक्षण त्यातून मिळते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी दहा मिनिटे ठरवावीत: पाच चाकांची हवा, तेल, कूलंट, ब्रेक ऑइल, दिवे, वायपर. लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी तेच पुन्हा पाहावे. आदल्याच दिवशी, कारण निघण्याच्या सकाळी दोष सापडला तरी तो दूर करायला वेळ नसतो आणि मन ‘चालेल’ म्हणते. गाडीत एक टॉर्च, चमकणारा त्रिकोण, हातमोजे, पिण्याचे पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी असावी. १०८ आणि ११२ हे क्रमांक घरातील सर्वांना पाठ असावेत.

एवढे केले म्हणून गाडी कधीच बंद पडणार नाही, असे नाही. यंत्र आहे, ते थकते. पण दोषांपैकी बरेच आधी खूण देतात, आणि खूण ओळखणारे डोळे घरातच असतात. मग जालन्याहून निघालेली गाडी राजूर मागे टाकते, केदारखेड्याला पूर्णा ओलांडते, काचेबाहेर कपाशीचे शेत पांढरे झालेले असते. मागच्या आसनावरील आजी नातवंडांना नदीचे नाव विचारते. चालकाचे लक्ष रस्त्यावर असते, कारण गाडीच्या आवाजाकडे कान लावून बसण्याची त्याला गरज उरलेली नसते. कडेने कोणी पायी चालत असेल, तर तो पुष्कळ आधी वेग कमी करतो, आणि ब्रेक दाबताच गाडी ऐकते.